जुन्या क्रोमवरचा गंज घरच्या वस्तूंनी: फॉइल, व्हिनेगर, बिंबलं, कोला सगळ्यांचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते म्हणजे घाईत असलेल्यांचं काम इथेच होईल. जुन्या गाडीच्या नाहीतर सायकलच्या क्रोमवर जो लालसर गंज धरतो तो काढायला चपात्या गुंडाळायचा अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि साधं पाणी एवढंच पुरतं. पाचपैकी साडेचार स्टार, आणि अर्धा पण का कापला ते पुढे सांगते. व्हिनेगरला तीन, कोलाला एक, मीठ-लिंबाला शून्य. आणि एक गोष्ट आहे जी कुठल्याच व्हिडिओत नीट सांगत नाहीत, ती म्हणजे गंज काढणं हे अर्धंच काम, आपल्या गोव्यात तर अर्ध्याहून कमी, कारण काढल्यावर जे करायचं ते केलं नाही तर पुढच्या पावसात सगळं होतं तिथेच परत.

मी हे सगळं काकांच्या येझदी रोडकिंग मोटरसायकलवर वापरून बघितलंय. गाडी मांद्र्याच्या घरी पडवीत उभी असते, समुद्राची गाज रात्री घरात ऐकू येते इतकं जवळ घर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रोडकिंग १९७८ पासून १९९६ पर्यंत म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनायची, टू स्ट्रोक, एक सिलिंडर आणि दोन सायलेन्सर, आणि किकचाच दांडा पुढे पाडला की गिअरचा होतो. म्हणजे क्रोम किती ते बघा, दोन लांबच्या लांब सायलेन्सर, दोन्ही रिम, हँडल, हेडलाइटची रिंग, तो किकचा दांडा, शॉकअपची टोपणं. काका गाडी विकायचं नावच काढत नाहीत आणि मला पण ती विकलेली नकोय, म्हणून हे हातात घेतलं. आमच्या घरात तिला गाडी म्हणत नाहीत, येझदीच म्हणतात.

आता आधी हे समजून घ्या की क्रोमला गंज लागतो म्हणजे नेमकं काय होतं, कारण ते कळलं की कुठली वस्तू का चालते आणि का नाही ते आपोआप कळतं. क्रोमियम स्वतः लाल गंजत नाही. पार्ट असतो लोखंडाचा, त्यावर निकेलचा थर, आणि वर क्रोमचा एकदम पातळ थर, शोभेच्या प्लेटिंगमध्ये तो साधारण पाव ते अर्धा मायक्रॉनच असतो. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास धरा म्हणजे अंदाज येईल. या थराला डोळ्याला न दिसणारी बारीक भोकं, भेगा असतात, त्यातून पाणी आणि खारं आत उतरतं, निकेलमधून वाट काढत लोखंडापर्यंत पोचतं आणि मग गंज खालून वर येतो. आपल्याला दिसतो तो लाल ठिपका म्हणजे त्या भोकाचं तोंड. वर क्रोम-निकेल आणि खाली लोखंड असं एकत्र ओलं झालं की लोखंड एकटं असताना गंजतं त्यापेक्षा जोरात त्या भोकात गंजतं, म्हणून एवढ्याशा ठिपक्याखाली खड्डा बऱ्यापैकी खोल असू शकतो. समुद्राकाठच्या हवेत मीठ असतं आणि त्यातलं क्लोराइड या कामाला एकदम वाईट. माझी आत्या समुद्रापासून लांब डिचोलीला राहते, तिच्याकडे त्याच काळातली सायकल आहे, तिचं हँडल अजून तोंड दिसेल असं आहे, आणि मांद्र्यात नवीन लावलेला गेटचा कडी-कोयंडा दोन पावसाळ्यांत लाल. पाऊस दोन्हीकडे धो धो पडतो, फरक खाऱ्या वाऱ्याचा.

बरं, सुरुवात धुण्यापासून. हे टाळू नका. भांड्यांचा लिक्विड साबण कोमट पाण्यात घालून फडक्याने सगळं धुवायचं, चेनजवळ आणि सायलेन्सरच्या शेपटाकडे टू स्ट्रोकचं काळं तेलकट चिकटलेलं असतं त्याला थोडं रॉकेल नाहीतर डिझेल फडक्यावर घेऊन पुसायचं आणि परत साबण. नारळाचं सोडण यासाठी मस्त, मऊ असतं, चरे पाडत नाही, स्पोकच्या मधे बोट जात नाही तिथे सोडणाचा तुकडा जातो. पण सोडणाबरोबर आपल्याकडे हाताला राख घ्यायची सवय आहे ती इथे नको, राखेत बारीक वाळू असते आणि धूळ-वाळू न काढता घासलं तर क्रोमवर जे केसासारखे चरे पडतात ते उन्हात बघितले की जीव जातो.

मग फॉइल. हाताच्या पंजाएवढा तुकडा फाडायचा, चुरगाळून सैलसर गोळा करायचा, पाण्यात बुडवायचा आणि गंजावर हलक्या हाताने गोल गोल फिरवायचा. जोर लावायची गरजच नाही. पहिल्यांदा काहीच होत नाही असं वाटतं, खरखर आवाज येतो, मग हळूहळू तो आवाज बदलतो, गुळगुळीत होतो, आणि फॉइलखाली राखाडी-तपकिरी चिखल जमायला लागतो. तो चिखल पुसू नका लगेच, तोच पॉलिशचं काम करतो. थोडं पाणी शिंपडायचं आणि फिरवत राहायचं. मग ओल्या फडक्याने पुसायचं. मी पुढच्या रिमवर व्हॉल्व्हच्या शेजारून सुरुवात केली, तिथे इतका दाट गंज होता की हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखा लागायचा, पुसल्यावर खाली माझ्या बोटांचं प्रतिबिंब दिसलं. शेजारचा न घासलेला भाग आणि हा भाग यांच्यामधली रेघ बघून काकी घरातून कापडाची पिशवी घेऊन बाजारात निघाल्या होत्या त्या तिथेच थांबल्या, म्हणाल्या हा तुकडा नवीन बसवलास काय गो?

हे का चालतं त्याचं कारण सोपं आहे. क्रोमियम मोहस स्केलवर, म्हणजे कडकपणा मोजायच्या पट्टीवर, साडेआठच्या घरात कडक आणि अ‍ॅल्युमिनियम पावणेतीन, म्हणजे फॉइल झिजतो, क्रोमला चरा पडत नाही. गंज मात्र ठिसूळ असतो तो फॉइलच्या घड्यांच्या कडांनी खरवडला जातो. आणि घासताना अ‍ॅल्युमिनियमचं जे ऑक्साइड तयार होतं ते एकदम बारीक पावडरसारखं असतं, त्याने चकाकी येते. नेटवर लोक सांगतात की अ‍ॅल्युमिनियम गंजातला ऑक्सिजन ओढून घेतं म्हणून जादू होते. थोडंफार काही होत असेल पण हाताला जे जाणवतं ते घासण्याचंच काम आहे, आणि पाणी हे वंगण म्हणून लागतं. कोरडा फॉइल फिरवू नका.

अर्धा स्टार कापला तो यासाठी की फॉइल फक्त क्रोमपुरता ठीक आहे, क्रोमला लागून रंग असेल तर रंगावर तो लगेच चरे पाडतो. येझदीच्या टाकीला, बॅटरीच्या टूलबॉक्सला जवळ जाताना मास्किंग टेप लावा, कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळते. तसंच हल्लीच्या गाड्यांवर प्लास्टिकला क्रोम केलेलं असतं किंवा वर लॅकर असतो, त्यावर फॉइल नको, तिथे गंजाचा प्रश्नच नसतो. कळत नसेल तर फ्रिजचं मॅग्नेट लावून बघा, चिकटलं तर खाली लोखंड, नाही चिकटलं तर पितळ नाहीतर प्लास्टिक. पितळेवरच्या क्रोमला लाल गंज येत नाही, हिरवट येतं. जुन्या नळांचं हेच असतं. आणि इंजिनचे केसिंग क्रोमचे नसतात, ते अ‍ॅल्युमिनियमचे असतात, दिसायला चकचकीत म्हणून त्यांच्यावर हे प्रयोग चालवू नका.

आता व्हिनेगर. आपल्याकडे घरात दोन असतात, एक दुकानातलं पांढरं ज्यात ४ ते ५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, आणि दुसरं आपलं माडाच्या सुरेचं, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बाटल्या भरून मिळतं ते. सुरेचं व्हिनेगर या कामाला घालवू नका हो, ते सोरपोतेलात घाला. पांढरं वापरा. पाण्याऐवजी व्हिनेगरमध्ये फॉइल बुडवला तर गंज लवकर सुटतो हे खरं आहे, जिथे थर जाड आहे, म्हणजे सायलेन्सरच्या खालच्या बाजूला जिथे चिखल बसून राहतो, तिथे मी तेच वापरते. पण मग स्टार का कमी? कारण अ‍ॅसिड त्या बारीक भोकांत शिरतं आणि वरून पुसलं तरी आत राहतं. संध्याकाळी चकचकीत केलेलं हँडल सकाळी परत पिवळसर दिसतं ते यामुळे. व्हिनेगर लावलंत तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, मग एक मोठा चमचा खायचा सोडा अर्धा लिटर पाण्यात विरघळवून त्या पाण्याने पुसा आणि परत साध्या पाण्याने धुवा. सोड्याचं पाणी अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगवर गेलं तर तिथे वाळू देऊ नका, डाग पडतात.

लिंबाचं सत्व म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, ढोकळ्याला वापरतो ते, हे सुटे नट-बोल्ट, जुने पाने, कडी अशा गोष्टींसाठी माझं आवडतं. एक लिटर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे, त्यात पार्ट टाकायचा, थोड्या थोड्या वेळाने बाहेर काढून जुन्या टूथब्रशने घासून बघायचं. रात्रभर विसरून झोपायचं नाही, क्रोमच्या भोकातून आणि जिथे प्लेटिंग नाही त्या कडेने ते चांगलं लोखंड पण खातं. स्पोक तर अजिबात अ‍ॅसिडमध्ये भिजवू नका, कडक तारेचे असतात, अ‍ॅसिडने त्यांच्यात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतात आणि स्पोक हे काही नुसतं शोभेचं काम करत नाहीत, तुमचं वजन त्यांच्यावर असतं. स्पोकला फॉइलची पट्टी गुंडाळून चिमटीत धरून वरखाली करायची, कंटाळवाणं आहे, एका चाकाला अख्खी दुपार जाते, पण तेच बरोबर आहे.

कोकणी घरातल्या खास वस्तूंकडे येते कारण मला त्याचीच उत्सुकता होती. समई, तांब्याचा हंडा आपण चिंचेने नाहीतर कोकमाच्या सोलांच्या पाण्याने घासतो आणि ते लख्ख होतात, मग क्रोम का नाही? चिंचेत टार्टारिक अ‍ॅसिड असतं, ते तांब्यावरचा काळेपणा पटकन काढतं पण लोखंडाच्या गंजावर मंद. सोलं पण तसंच, वर लाल पाणी सगळीकडे ओघळतं, त्यामुळे नेमका गंज उरलाय की रंग तेच कळत नाही. बिंबलं, म्हणजे ते आंबट हिरवं फळ, मात्र, खरं सांगते, चांगलं चाललं. परसात झाड असेल तर फळं पडून सडतातच. बिंबलाच्या रसात ऑक्झॅलिक अ‍ॅसिड भरपूर असतं आणि गंज काढायच्या विकतच्या कितीतरी औषधांत हेच अ‍ॅसिड असतं, कपड्यावरचे गंजाचे डाग बिंबलाने काढतात ते उगाच नाही. मी एक फळ उभं चिरून त्याची कापलेली बाजू किकच्या दांड्याच्या वाकावर फिरवली, जिथे बुटाने क्रोम घासून गेलंय आणि खड्ड्याखड्ड्यांत गंज बसलाय. थोडा वेळ तसंच ठेवलं आणि मग फॉइल फिरवला. खड्ड्यातला लाल रंग फॉइलने एकट्याने जात नव्हता तो गेला, तिथे करडे ठिपके राहिले. तेवढ्यापुरतं चार स्टार. रस क्रोमवर वाळू द्यायचा नाही, हाताला जखम असेल तर ग्लोव्ह घाला आणि धुण्याचं, सोड्याचं सगळं व्हिनेगरसारखंच.

कोलाबद्दल सगळे विचारतात. त्यात फॉस्फोरिक अ‍ॅसिड असतं हे खरं, ते गंजावर काम करतं हे पण खरं, पण प्रमाण इतकं कमी आणि साखर इतकी जास्त की पाण्याने फॉइल घासून जे होतं त्याच्यापेक्षा वेगळं काही झालेलं मला दिसलं नाही, उलट स्पोकच्या मुळाशी चिकट राहतं आणि मुंग्यांची रांग लागते. पैसे वाया. टूथपेस्ट, पांढरी साधी, जेलवाली नको, ती गंज काढत नाही पण शेवटी चकाकीसाठी हेडलाइटच्या रिंगवर छान. देवाच्या भांड्यांची पावडर असते ती तांब्या-पितळेसाठी, तिथेच राहू दे.

तारेची घासणी, म्हणजे भांडी घासायची ती स्टीलची गुंडाळी, नको. मोटर पार्ट्सवाल्यांकडे स्टील वूल मिळतं त्यात सगळ्यात बारीक, चार शून्याचं असेल तर चालतं, तेलात भिजवून. पण त्याचे तुकडे तुटून स्पोकच्या भोकांत, रिमच्या कडेत अडकतात आणि आपल्याकडच्या दमट हवेत ते तुकडेच गंजून नवीन ठिपके तयार करतात. फॉइलचा हा त्रास नाही, म्हणून मी फॉइलवालीच.

आता जे बिलकुल करायचं नाही ते. टॉयलेट साफ करायचं लिक्विड. कितीजण सांगतात, एका मिनिटात गंज गायब. गायब होतो कारण त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं आणि ते गंजाबरोबर क्रोम पण विरघळवतं. प्लेटिंगवाले जुनं क्रोम उतरवायला हेच अ‍ॅसिड वापरतात, एवढ्यावरून समजा. शिवाय त्याची वाफ आसपासच्या पान्या-पक्कडींवर बसून ते पण गंजतात. आणि अ‍ॅसिडच्या आसपास ब्लीच चुकूनही आणू नका, क्लोरीन वायू होतो. त्याच्याच जोडीला मीठ-लिंबू. लिंबू एकटं परवडलं पण मीठ कशाला? समुद्राचं मीठ लागून तर हा गंज आला, तेच मीठ वरून अ‍ॅसिडबरोबर भोकांत चोळायचं म्हणजे रोगाला आपण हाताने खाऊ घालणं झालं. ज्यांनी ज्यांनी हे रीलमध्ये टाकलंय त्यांनी पुढच्या महिन्यात त्याच पार्टचा फोटो टाकावा असं मला मनापासून वाटतं.

सायलेन्सरचा पाइप इंजिनजवळ निळसर-सोनेरी झालेला असतो तो गंज नाही, तापून झालेला रंग आहे. फॉइलने तो जात नाही, घासत बसू नका.

आता ते दुसरं अर्धं काम. धुऊन झाल्यावर सुती फडक्याने पुसा आणि मग गाडी उन्हात उभी करा, पार्ट हाताला गरम लागेपर्यंत. नुसतं पुसून भोकातलं पाणी जात नाही. ऊन नसेल तर हेअर ड्रायर. त्यावर डब्ल्यूडी-४० असेल तर फवारून पुसून घ्या, त्याच्या नावातच पाणी हटवायचं काम आहे, पण त्यालाच शेवटचा थर समजू नका, तो उडून जातो. शेवटचा थर मेणाचा, गाड्यांचं साधं कार वॅक्स, पातळ लावायचं, वाळू द्यायचं, पुसायचं आणि परत एकदा. क्रोमची ती भोकं तुम्ही बुजवू शकत नाही पण मेणाने त्यांच्यावर झाकण घालू शकता, घरच्या पातळीवर एवढंच हातात आहे. खोबरेल तेल बरेच जण लावतात, काही नसण्यापेक्षा बरं, पण त्यावर धूळ आणि वाळू चिकटते आणि नंतर पुसताना तीच वाळू चरे पाडते. व्हॅसलीन न चालवता उभ्या ठेवायच्या गाडीला ठीक. सायलेन्सरवर मेण टिकत नाही, तापलं की जळतं, तिथे पाणी लागलं की पुसून घेत राहणं हाच उपाय. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आपल्याकडे, त्यामुळे मी मे संपायच्या आत एकदा आणि पाऊस गेल्यावर एकदा मेण लावते. समुद्राजवळ राहत असाल तर अधेमधे नुसत्या गोड्या पाण्याने पुसून घेतलं तरी मीठ निघून जातं, याला एक पैसा लागत नाही आणि याचा फायदा सगळ्यात जास्त.

जे परत येत नाही ते पण सांगायला हवं. काकांच्या गाडीच्या डाव्या सायलेन्सरच्या खाली क्रोमचे पोपडे सुटलेत, नखाने उचलतात, तिथे खाली निकेल पण गेलंय. तिथे फॉइल, बिंबलं, काही चालत नाही, घासाल तितकं कडेचं चांगलं क्रोम पण उचलतं. ते परत प्लेटिंगलाच द्यावं लागतं आणि ते काम घरचं नाही, त्या टाक्यांमधलं षटसंयुजी क्रोमियम कॅन्सर करणारं आहे, त्यामुळे कोणी शेडमध्ये जुगाड करून देतो म्हणाला तरी नको. ओळखीतले काहीजण पार्ट बेळगाव-कोल्हापूरकडे पाठवतात. पण नुसते ठिपके असतील तर प्लेटिंगला अजिबात देऊ नका. कारखान्यातून आलेलं मूळ क्रोम, थोडं ठिपकेदार का असेना, आत्ता घाईत मारलेल्या पातळ प्लेटिंगपेक्षा कितीतरी जास्त टिकतं, आणि पॉलिश करणारे खड्डे काढायच्या नादात धातूच इतका झिजवतात की हेडलाइटच्या रिंगची कड बोथट होऊन ती नीट बसत नाही. काकांना एका गॅरेजवाल्याने सगळंच काढून नवीन करूया म्हणून सांगितलं होतं, मी हट्टाने नको म्हटलं. आता करड्या ठिपक्यांसकट हँडल चकाकतं आणि मला ते तसंच आवडतं.

खर्च म्हणाल तर फॉइलचा रोल शंभरेक रुपयांच्या आसपास, अख्ख्या गाडीला अर्धा पण लागत नाही, सोडा आणि साबण घरचा, पैसे जातात ते मेणाला. स्वस्तातला अगदी पातळ फॉइल घेऊ नका, हातात फाटतो, हॉटेलवाले पार्सलला वापरतात तो जाडसर मागा.

आणि गाडी झाकणार असाल तर निळी ताडपत्री किंवा प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो आणि आठवड्याभरात रिमवर परत लाल. जुनं सुती लुगडं नाहीतर चादर टाका आणि वारा खेळेल असं ठेवा, गळती असेल त्या बाजूला पत्रा वरून लावा पण गाडीला चिकटून नको.